सुईणीचं उरलेलं काम

महाराष्ट्रात आज जन्माला येणाऱ्या शंभर बाळांपैकी जवळपास पंचाण्णव बाळं दवाखान्यात जन्मतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ९४.७ टक्के आहे. तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, ते ६४.६ टक्के होतं. पंधरा वर्षांत बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीतून उठून लेबर रूमच्या टेबलावर गेलं. घराघरात घडलेल्या इतक्या मोठ्या बदलाची म्हणावी तेवढी चर्चा झाली नाही, आणि या बदलात गावातली जी एक बाई बिनकामाची झाली तिची तर मुळीच नाही. ती बाई म्हणजे सुईण. विदर्भात, खानदेशात, सातपुड्यात तिला दाई म्हणतात.

तिच्याविषयी आजवर जे बोललं गेलं ते दोन टोकांचं. एका टोकाला ती अडाणी, अस्वच्छ, बाया मारणारी. दुसऱ्या टोकाला ती पारंपरिक ज्ञानाची खाण. दोन्हीकडे एक साधा प्रश्न राहून जातो: ती नेमकं काय करत होती? ते पाहू गेलं तर तिची कामं दोन होती, असं दिसतं. एक काम तिला पेलणारं नव्हतं. ते दवाखान्याने घेतलं आणि त्यामुळे हजारो बायका वाचल्या. दुसरं तिला उत्तम येत होतं. ते मात्र कुणीच घेतलं नाही.

हाताला कळणारं

पहिलटकरीण माहेरी आली की सुईण एकदा येऊन पोट बघून जाई. तळव्यांना तेल लावून ती आधी पोटाच्या वरच्या टोकाशी हात ठेवी. तिथे कठीण, गोल आणि बोटांनी टिचकी दिल्यासारखं केलं की हलणारं काही लागलं, तर डोकं वर आहे, मूल पायाळू येणार. मऊ, पसरट लागलं तर डोकं खाली, सगळं ठीक. पोट आडवं भरलेलं दिसलं तर मूल आडवं. मग दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाठ कुठे, हातपाय कुठे ते बघायचं. डोकं खाली असलं तर ते ओटीपोटात उतरलंय की अजून वरच तरंगतंय, तेही तिला बोटांवर कळे. वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगाच्या विद्यार्थ्याला पोट तपासण्याची जी पद्धत शिकवतात, ती याच क्रमाने जाते.

कळा सुरू झाल्या की तिला बोलावणं येई. आल्याआल्या ती बाईला आडवं करत नसे. कळा खऱ्या की खोट्या हे आधी ठरवायचं, तर बाईला चालवायचं. खोट्या असल्या तर चालता चालता विरतात, खऱ्या असल्या तर जोर धरतात. मग फेऱ्या, मध्ये कोमट पाणी किंवा चहा, कंबरेला शेक, पाठीला तेल. शेवटच्या टप्प्यात तुळईला बांधलेला दोर धरून उकिडवं बसायचं, मागून एखादी जाऊबाई नाहीतर शेजारीण आधाराला. सुईण समोर, जमिनीवर. मूल बाहेर आलं तरी नाळ कापायची घाई नसे. वार पडेपर्यंत बहुतेक जणी थांबत. पुढे दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीची आंघोळ, मालीश, शेक-शेगडी, धुरी, आणि पाचवीला सटवाईच्या पूजेला हजेरी.

या सगळ्यात बाळंतपणाच्या तंत्राइतकाच वेळ नुसतं तिथे असण्यात जाई. बारा तास लागोत की चोवीस, सुईण उठून जात नसे. बाई ओरडली तर ओरडू देई, घाबरली तर दटावून धीर देई, सासू घाई करू लागली तर सासूला गप्प बसवी. घरच्यांवर तिचा हा अधिकार त्या एका रात्रीपुरता असे.

कारण एरवी त्याच घरात तिला उंबऱ्याबाहेर बसावं लागे. नाळ कापणं, वार पुरणं, रक्ताचे कपडे धुणं ही विटाळाची कामं, म्हणून गावोगावी ती मांग, महार, न्हावी समाजातल्या बायकांकडे आली. सोयर फिटलं की घर सारवून घ्यायचं आणि सुईणीने पुन्हा पायरीपाशी थांबायचं. मोबदला पायली-दोन पायली धान्य, नारळ, खण नाहीतर लुगडं. मुलगा झाला तर हात सैल, मुलगी झाली तर आखडता. तिच्या ज्ञानाचे गोडवे गाताना हा हिशेब विसरून चालत नाही.

शाळेत बसलेल्या दाया

शिकलेल्या माणसांचं लक्ष या अंधाऱ्या खोलीकडे गेलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी बाळंत झालेल्या आणि बाळ दहा दिवसांत गमावलेल्या मुलीने तो विषय निवडावा, याचं नवल वाटत नाही. त्याच सुमाराला, १८८५ मध्ये, डफरिन फंड उभा राहिला आणि बायकांसाठी बायकांनी चालवलेले दवाखाने निघू लागले. मुंबईचं कामा हॉस्पिटलही त्याच काळातलं.

दवाखाने निघाले, पण बायका येईनात. लंडनहून डॉक्टर होऊन आलेल्या रखमाबाई सुरतेच्या दवाखान्यात रुजू झाल्या, तेव्हा त्यांनी एका गाभण शेळीची सुटका दवाखान्यात करून दाखवली आणि ‘बघा, इथे कुणी मरत नाही’ हे लोकांना पटवलं, अशी आठवण सांगितली जाते. घरातली बाई घरातच बाळंत होणार असेल, तर तिच्यापाशी बसणारीला शिकवावं, हा विचार त्यातूनच आला. १९०३ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निधी काढला, तो दायांना शिकवण्यासाठी. सुईणीला वर्गात बसवण्याचा सरकारी उद्योग तिथून सुरू होतो, तो पुढे शंभर वर्षं चालला.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत, त्याला देशभर रूप आलं. हजार वस्तीमागे एक शिकलेली दाई, हे उद्दिष्ट. तीस दिवसांचं प्रशिक्षण, त्याबद्दल तीनशे रुपये, शेवटी प्रमाणपत्र आणि एक पेटी. पेटीत साबण, नखं घासायचा ब्रश, ब्लेड, दोरा, प्लास्टिकचा कागद. शिकवण पाच स्वच्छतांची: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि कापलेल्या नाळेवर काही लावायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड, कारण नाळेवर राख, शेण, हळद लावायची चाल घट्ट होती.

या पेटीने काहीच केलं नाही, हे म्हणणं खोटं ठरेल. विळ्याने नाहीतर कुडाच्या काडीने कापलेली नाळ आणि त्यावरचं शेण यातून नवजात बाळांना धनुर्वात होई. पाच-सात दिवसांचं बाळ दूध ओढेनासं होई, आखडे आणि जाई. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं, नवं ब्लेड आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांनी मिळून हा आजार हटवला. २०१५ मध्ये माता आणि नवजात धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. देवी आणि पोलिओइतका गाजावाजा त्याचा झाला नाही.

पण पेटीने आया वाचल्या नाहीत. प्रशिक्षण दिलेल्या गावांत आणि न दिलेल्या गावांत मातामृत्यूंमध्ये म्हणावा तसा फरक पडेना. ही गोष्ट १९९० च्या दशकात जगभर लक्षात येत गेली.

रक्त

का पडेना, ते समजायला गर्भाशयाकडे बघावं लागतं. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं, आणि त्यातलं बहुतेक वारेकडे जातं. वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे उभे-आडवे विणलेले असतात. ते आवळले की वाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. दहापैकी नऊ वेळा हे आपोआप होतं. दहाव्या वेळी गर्भाशय सैल पडून राहतं, किंवा वारेचा तुकडा आत अडकलेला असतो, आणि रक्त वाहतच राहतं. अशी बाई दोन तासांत जाऊ शकते. ती आधीच रक्ताने कमी असेल, आणि महाराष्ट्रात गरोदर बायकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक तशा आहेत, तर त्याहूनही लवकर.

इथे सुईणीच्या हातात काय होतं? पोट चोळायचं, ते बरोबरच होतं. वार अडकली तर बाईच्याच वेणीचं टोक तिच्या घशात घालून उबळ काढायची, म्हणजे पोटाच्या जोराने वार पडेल. कधी पडे, कधी नाही. काही जणी नाळ ओढत, आणि त्यातून गर्भाशय उलटून बाहेर येण्याचा धोका असे. रक्त चढवायला रक्त नव्हतं, आवळून धरणारं औषध नव्हतं, पोट उघडणारं कुणी नव्हतं. झटके येणं, मूल आडवं अडकणं, दोन्हीकडे हेच. ब्लेड कितीही स्वच्छ असलं तरी या तीन गोष्टींवर त्याचा उपाय चालत नाही.

१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन संशोधक बायकांनी मातामृत्यूंची कारणं तीन उशिरांत मांडली: घरात निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. सुईण फार तर पहिला उशीर टाळू शकते, आणि तोही सासऱ्याने ऐकलं तर. १९९७ मध्ये कोलंबोच्या सुरक्षित मातृत्व परिषदेत जगाचा रोख बदलला. दाया शिकवण्याऐवजी प्रत्येक बाळंतपणाला शिकलेली नर्स, मिडवाइफ किंवा डॉक्टर, हे ध्येय ठरलं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुशल परिचारक’ कोण याची व्याख्या केली, तेव्हा पारंपरिक दाई त्यातून बाहेर राहिली, मग ती प्रशिक्षित असो वा नसो.

जिथे जमलं

त्याच वर्षांत काही ठिकाणी वेगळं दिसत होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोडं शिकलेल्या बाईला आरोग्यदूत केलं आणि बाळंतपणाच्या वेळी तिला दाईशेजारी बसवलं. दाई आईकडे बघणार, आरोग्यदूत बाळाकडे. बाळ रडलं नाही तर श्वास देणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्गाची चिन्हं ओळखून औषध आणि इंजेक्शन देणं, हे तिचं काम. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजारी २५ नवजात मृत्यू, तर तुलनेच्या ४७ गावांत जवळपास ६०. पुढे हीच पद्धत देशभर आशाताईंकडे गेली.

सिंधमधल्या लारकान्यात दायांना शिकवून, त्यांना पेट्या देऊन सरकारी आरोग्यसेविकांशी जोडलं गेलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जन्माच्या आसपासचे बालमृत्यू ३० टक्क्यांनी कमी निघाले. आयांचे मृत्यू मात्र खात्रीने सांगावं इतके घटले नाहीत. बेळगाव जिल्ह्यात आणखी एक चाचणी झाली. तिथे नर्सबाईंनी बाळंतपण होताच बाईला गर्भाशय आवळून धरणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. या गोळ्यांना फ्रिज लागत नाही. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. ही बाळंतपणं घरी आणि उपकेंद्रात झालेली होती.

तिन्ही ठिकाणी निष्कर्ष एकच निघतो. एकटी सुईण दुबळी असते. तिच्याशेजारी औषध आणि त्याची जबाबदारी घेणारं माणूस आलं की चित्र पालटतं. पण धोरण आखताना हे बारकावे मागे पडले आणि निर्णय एका फटक्यात झाला.

२००५

त्या वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, जननी सुरक्षा योजना आली, आशा आली. दवाखान्यात बाळंत झालं की महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पात्र आईला ७०० रुपये, तिला आणणाऱ्या आशाताईला वेगळा मोबदला. २०११ मध्ये सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण मोफत झालं, पुढे १०८ ची गाडी आली. दायांची प्रशिक्षणं हळूहळू बंद पडली. आशा व्हायला शिक्षणाची अट होती, आधी आठवी, पुढे दहावी, आणि वय पंचवीस ते पंचेचाळीस. बहुतेक दाया निरक्षर आणि पन्नाशीच्या पुढच्या. त्यामुळे नव्या व्यवस्थेत त्यांना जागाच उरली नाही.

पण त्याचं फळ नाकारता येत नाही. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातामृत्यू होते, २०१८-२० मध्ये ३३. सुईणीची बाजू घेऊन लिहिणाऱ्याने हे दोन आकडे आधी लिहावेत, मग पुढे बोलावं.

टेबलावरची बाई

आता लेबर रूम बघू. बाई दारातून आत गेली की घरचे बाहेर. टेबल उंच, अरुंद, लोखंडी. पाय वर, सलाईन लावलेलं, म्हणजे चालणं बंद. नर्स एकच, टेबलं तीन, शिवाय रजिस्टरं, औषधाचा साठा, फोन. कळा सोसेनाशा होऊन बाई ओरडली की ‘तेव्हा नाही ओरडलीस?’ हे वाक्य राज्यातल्या किती बायकांनी ऐकलंय, ते त्यांनाच विचारावं. घाई असेल तर कुणीतरी पोटावर दाब देतं. सुईणीने दाब दिला की तो अडाणीपणा, आणि टेबलावर दिला की ती मदत. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यातल्या बाळंतपणातील अपमान आणि हिंसेविषयी निवेदन काढलं. म्हणजे हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही, पण आपला आहेच.

खासगीत अपमान कमी, पण सीझर जास्त. पाचव्या सर्वेक्षणात देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सीझरने झाली, तर खासगीत ४७.४ टक्के. हाडांच्या रचनेत तेवढा फरक असायचं कारण नाही. घाई, भीती, सोय आणि पैसा हे चारही त्यात आहेत. नुसतं शेजारी बसून राहायला तर दोन्हीकडे कुणाला वेळ नाही.

आणि तेवढ्याने फरक पडतो. कळा सुरू झाल्यापासून सुटका होईपर्यंत एकच माणूस सोबत असेल, तर नैसर्गिक बाळंतपणाची शक्यता वाढते, सीझर आणि वेदनाशामकं कमी लागतात, असं कोक्रेनच्या आढाव्यात दिसलं. २०१७ च्या आवृत्तीत २६ अभ्यास आणि १५ हजारांहून अधिक बायका होत्या. त्याआधीच्या २०१३ च्या आवृत्तीत सर्वांत उपयोगी सोबत कुणाची, तेही लिहिलंय: फक्त सोबतीसाठी आलेली, बाईच्या गोतावळ्यातली नसलेली, अशा कामाचा अनुभव असलेली आणि थोडंफार प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. गावात अशी बाई दाखवा म्हटलं तर ज्या घराकडे बोट जाईल, तिथल्याच बाईला आपण वीस वर्षांपूर्वी घरी बसवलं.

२०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणाबाबत नव्या शिफारशी केल्या. बाईला हिंडूफिरू द्या, उभ्या-उकिडव्या स्थितीत बाळंत व्हायचं तर होऊ द्या, आवडीचं माणूस सोबत द्या. नाळ लगेच कापू नका, हे तर आधीपासूनच सांगितलं जात होतं. म्हणून सुईणीचं सगळंच बरोबर ठरत नाही. चीक पिळून टाकणं, बाळाला जन्मताच थंडगार न्हाऊ घालणं हे चूकच. न रडणाऱ्या बाळाची नाळ तशीच ठेवून वार शेकण्याची युक्ती अनेक भागांत आहे. त्यात नाळ जोडलेली राहते हा भाग शहाणपणाचा, शेकल्याने बाळ रडतं याला मात्र आधार नाही. तिथे श्वास देणारी पिशवीच लागते. पुण्याच्या मीरा सद्गोपाल यांच्या पुढाकाराने ‘जीवा’ नावाचा अभ्यास नंदुरबार, बोकारो, कांगडा आणि बळ्ळारी भागांत झाला. दाया काय करतात, का करतात, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यायचा तो प्रयत्न होता. अशी चाळणी लावण्याचं काम शासनाने मनावर घेतलं नाही.

पूर आल्यावर

उरलेले पाच टक्के जन्म कुठे होतात? बरेचसे अक्राणीत, मेळघाटात, भामरागडमध्ये. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. सातपुड्यातल्या पाड्यांवरून बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथे दाई अजून आहे आणि तिच्यावाचून निभत नाही. नवसंजीवन योजनेत दायांच्या बैठका घ्यायची तरतूद आहे. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे, जिथे दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहायचं, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल आणायचं. कल्पना नेमकी आहे, कारण ती दुसरा उशीर मुळातच काढून टाकते. पण बाईने अनोळखी खोलीत दिवस काढायचे, तर तिच्या भाषेत बोलणारं, तिच्या पाड्यावरचं कुणीतरी तिथे लागतं. दाईला तिथे मानाने नेमलं तर माहेरघराला खरंच माहेरपण येईल.

बाकीच्या महाराष्ट्रात दाई परत आणावी, असं कुणी म्हणणार नाही. जातीने लादलेलं काम पुढच्या पिढीने सोडलं, हे चांगलंच झालं. मात्र २०१६ पासून सरकारी लेबर रूममध्ये सोबतीण आत येऊ देण्याचं केंद्राचं धोरण आहे. त्यात नातेवाईक स्त्री, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, असं म्हटलंय. ही अट सैल करून अनुभवी सोबतिणींची यादी प्रत्येक आरोग्य केंद्राने ठेवावी, त्यात हयात दाया आधी घ्याव्यात, त्यांच्याकडून तरुण बायकांना शिकवून घ्यावं. २०१८ पासून नर्सना अठरा महिन्यांचं मिडवाइफचं प्रशिक्षण देण्याचंही धोरण आहे. इंजेक्शन, वार, रक्तस्राव हे त्या मिडवाइफने बघावं. सोबतिणीने बाईपाशी बसावं.

आणि त्या बसण्याचे पैसे द्यावेत. इथे आरोग्य खात्याचा हिशेब अडेल, कारण कळा चार तास चालतील की चोवीस, हे आधी सांगता येत नाही आणि रजेचा, पाळीचा, हजेरीचा कुठलाच नमुना त्याला लागू होत नाही. मोबदला तासावर नव्हे, बाळंतपणावर ठरवावा लागेल, मुलगा-मुलगी न बघता, लुगड्याऐवजी बँकेच्या खात्यात. ठरलं की फक्त एकच अट घालायची: सुटका होईपर्यंत उठायचं नाही.